निरंजन प्रसादांचं आकाश

धरमपेठेत तुम्ही उतरता ती तारीख आहे २० ऑक्टोबर १९६२, वार शनिवार. दिवाळी आठवड्यावर आली आहे. वेस्ट हायकोर्ट रोडवर आज तुम्हाला दिसणाऱ्या काचेच्या दुकानांचा इथे मागमूस नाही. बैठी कौलारू घरं, पुढे ओसरी, अंगणात तुळस, आणि झाडांच्या वर भरपूर मोकळं आकाश. दिवसभर ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. आता फुटाळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात जरासा गारवा आहे. गोकुळपेठेच्या बाजारातून रवा-साखर घेऊन परतणाऱ्या दोघी-तिघी एका फाटकापाशी थबकल्या आहेत, कारण आत ओसरीवर मर्फीचा रेडिओ आहे. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन दरवर्षी भरावं लागतं, सगळ्यांना ते परवडत नाही, म्हणून बातम्यांच्या वेळी अर्धी गल्ली इथेच जमते.

“बातम्या लागून राहिल्या का, काकाजी?”

“लागतीलच आता. या ना, बसा.”

बातम्या लागतात. पहाटे चीनने लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश), दोन्हीकडे एकाच वेळी हल्ला चढवला आहे. एक मुलगा आतून शाळेचा नकाशा घेऊन येतो. त्याचं बोट आसामवरून वर सरकतं आणि तिथेच अडकतं, कारण वरती नुसता तपकिरी रंग आहे. ज्या ओढ्याच्या काठी सकाळपासून माणसं मरत आहेत त्या नामका चूचं नाव त्या नकाशात नाही. कुणी म्हणतं, आपली विमानं गेली असतील आता. कुणी मान डोलावतं. सगळ्यांनाच ते उघड वाटतं.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तुम्हाला ठाऊक आहे: विमानं गेलेली नाहीत, जाणारही नाहीत. आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. त्या आघाडीवरच्या चौथ्या डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल निरंजन प्रसाद आहेत आणि हा माणूस एके काळी बॉम्बफेकी विमानांच्या एका स्क्वॉड्रनचा प्रमुख होता. संकटातल्या पायदळाला आकाशातून कशी मदत करायची असते हे भारतीय सैन्यातल्या दुसऱ्या कुठल्याही डिव्हिजन कमांडरपेक्षा त्याला जास्त कळत होतं. ते त्याला कसं कळलं ते आधी पाहू.

एकोणीस वर्षं मागे. डिसेंबर १९४३, चितगावजवळचा डबल मूरिंग्जचा विमानतळ.

पहाटेची वेळ आहे. बंगालच्या उपसागरावरून दमट धुकं आलंय आणि विमानांवर घातलेल्या ताडपत्र्यांवरून पाणी ठिबकतंय. मेकॅनिक इंजिनाच्या झाकणात कोपरापर्यंत हात घालून बसलेत. व्हल्टी व्हेंजन्स हे अमेरिकन विमान दिसायला बोजड, नाकाशी चौदा सिलिंडरचं प्रचंड इंजिन, आणि ते तेल फार गळतं. तरी त्याच्यात एक गुण आहे. पंख धडाला अशा कोनात बसवलेत की विमान नाक खाली करून थेट उभं, ओळंब्यात कोसळू शकतं, आणि म्हणून बॉम्ब नेमका पडतो. सरळ उडताना मात्र ते नाक वर करून चालतं. भारतीय हवाई दलाच्या दोनच स्क्वॉड्रनकडे हे विमान आहे, सातवी आणि आठवी. तुम्ही आठवीत आहात. स्क्वॉड्रन लीडर निरंजन प्रसाद तिचे कमांडर.

झोपडीवजा खोलीत नकाशा टांगलाय. हवाई दलाच्या गणवेशातल्या मुलांसमोर पायदळाचा एक अधिकारी उभा आहे. तो या स्क्वॉड्रनबरोबरच राहतो, त्यांच्याच मेसमध्ये जेवतो. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या मायू डोंगररांगेत जपान्यांनी टेकड्यांच्या पोटात खंदक खणलेत. वरून नुसतं जंगल दिसतं. पलीकडच्या उतारावर आपली माणसं आहेत, काहीशे यार्डांवर. तो सांगतो, तुम्ही डोक्यावर आलात की आमचा तोफखाना लक्ष्यावर धुराचे गोळे टाकील. धूर दिसल्याशिवाय खाली येऊ नका. मग तो घड्याळं जुळवून घेतो. या दोन वाक्यांसाठी तो माणूस तिथे राहतो. पुढे घडणाऱ्या सगळ्याच्या दृष्टीने ही खोली लक्षात ठेवा.

तुमची जागा मागच्या सीटवर, तोंड शेपटीकडे, समोर मशीनगन. सहा विमानं उठतात. दहा-बारा हजार फुटांवर थंडी वाजायला लागते. खाली नाफ नदी, मग माँगडॉकडून बुथिडाँगला जाणारा रस्ता, केसाइतका बारीक. एका हिरव्या कड्यावर पांढरा ठिपका उमलतो. तोच तो धूर. पुढचं विमान कलतं आणि नाहीसं होतं, त्यामागे दुसरं, मग तुमचं.

पंखांवरचे जाळीदार ब्रेक खडखडत उघडतात. विमान उभं खाली चाललंय, तुम्ही मागे तोंड करून बसलेले, म्हणजे आता उताणे आहात आणि तुमच्यासमोर फक्त आकाश आहे. जमीन पाठीमागून वर येते आहे, ती तुम्हाला दिसत नाही, नुसता इंजिनाचा सूर चढत जातो. पोटातले पाचशे पौंडांचे दोन आणि पंखांखालचे अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब सुटतात, एक धक्का बसतो, आणि वैमानिक दांडा ओढतो. रक्त पायांत उतरतं. डोळ्यांपुढे राखाडी पडदा. तो सरतो तेव्हा तुम्ही झाडांच्या शेंड्यांवरून समुद्राकडे पळत असता आणि मागे, जिथे पांढरा ठिपका होता तिथे, तपकिरी धुराळा उभा असतो.

तळावर उतरल्यावर सगळे टेलिफोनची वाट पाहतात. पलीकडच्या उतारावरच्या पलटणीकडून निरोप आला की कामगिरी पुरी. बॉम्ब पडला एवढ्याने ती पुरी होत नाही. या लढाईत विमान, धुराचा गोळा, पायदळाचा तो अधिकारी आणि टेलिफोनची तार अशी चार कडी आहेत आणि एक निसटलं तर बाकीची तीन निरुपयोगी.

सातव्या स्क्वॉड्रनमध्ये प्रतापचंद्र लाल आहेत. १९४४ च्या वसंतात ती स्क्वॉड्रन सिलचरजवळच्या उदरबंदहून इंफाळच्या लढाईसाठी उडते. लाल पुढे तिचे कमांडर होतात, त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळतो. त्यांचा शांत चेहरा पाहून ठेवा, लागेल. प्रसाद मात्र हवाई दलात राहात नाहीत. ते भूसेनेत जातात आणि मेजर जनरल होतात.

आता पुन्हा १९६२. नकाशात नसलेल्या त्या जागी तुम्ही उतरता ते दहा तारखेच्या सुमारास.

श्वास पुरत नाही, हे पहिलं जाणवतं. नामका चू हा ओढाच, पण खोल घळीत. उत्तरेला थागलाचा कडा इतका अंगावर आलेला की मान मागे टाकल्याशिवाय माथा दिसत नाही. त्या माथ्यावर आणि अलीकडच्या उतारावर चिनी सैनिक आहेत. ते लाकडं तोडताना, मोर्चे बांधताना उघड दिसतात. ओढ्याच्या या काठाला सातव्या ब्रिगेडची माणसं पसरलेली, ओंडक्यांच्या पाच पुलांच्या आधाराने, वीसेक किलोमीटरच्या लांबीवर. अंगावर सुती गणवेश. पाउचमध्ये पन्नास गोळ्या. कुदळी-फावडी कमी, म्हणून कुणी संगिनीने माती उकरतंय. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी, मुंबईच्या सेंट झेवियर्सचा विद्यार्थी, दाढी वाढलेली, काठावरून चालत प्रत्येक मोर्चाशी थांबतात.

आराकानच्या त्या सीटवरून तुम्ही वरून खाली पाहत होता. इथे वर बसलेले ते आहेत आणि खाली तुम्ही.

दोन तासांची चढण चढून त्सांगधरला चला. तिथल्या उतरंडीच्या माळावर सामान टाकलं जातं. ढगांतून पॅकेट विमानाचा आवाज येतो, ते दरीतून वाकडं वळण घेत माळावरून एकदा जातं आणि मागच्या दारातून पेटारे ढकलले जातात. छत्र्या उघडतात. काही उघडतच नाहीत; त्या पुनःपुन्हा वापरून जीर्ण झालेल्या आहेत. एक पेटारा वाऱ्याने कड्यापलीकडे जातो आणि बऱ्याच वेळाने खालून आवाज येतो. त्यात थंडीचे कोट होते की तोफगोळे, कोण जाणे. हमाल आणि जवान मिळून जे हाती लागेल ते ओढत आणतात. विमानाचं या लढाईतलं काम एवढंच, ओझं वाहण्याचं. ते वाहणाऱ्या वैमानिकांनी जिवावर उदार होऊन वाहिलं, त्याबद्दल शंका नको.

मग लढाऊ विमानं? कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं हवाई दलाकडे होती, हंटर होती. कॅनबेरांनी कॅमेरे घेऊन तिबेटच्या बाजूची छायाचित्रंही काढून आणली. बॉम्ब घेऊन मात्र त्यांना सोडलं नाही. दिल्लीला भीती होती की आपण विमानं वापरली तर चीन कोलकात्यावर बॉम्ब टाकील. गुप्तचर खात्याचा सल्ला तसाच, अमेरिकन राजदूत गॅलब्रेथ यांचाही. तिबेटातले चिनी विमानतळ इतक्या उंचीवर होते की तिथल्या विरळ हवेत विमानाला भरपूर बॉम्ब आणि इंधन घेऊन उठणंच अवघड, हा हिशोब निर्णयाच्या टेबलावर पुरेसा मांडला गेला नाही. मला हा निर्णय त्या युद्धातला सर्वांत मोठा दोष वाटतो. थागलाच्या उतारावर उघड्यावर वावरणारी माणसं, खाली ओढ्याकाठी अडकलेली आपली ब्रिगेड. व्हेंजन्सच्या सहा विमानांना पुरलं असतं असं ते लक्ष्य होतं, आणि ज्याला हे पाहताक्षणी कळावं असा माणूस तिथे सेनापती होता.

त्या सेनापतीकडे झिमिथांगला चला. चौथ्या डिव्हिजनचं पुढचं ठाणं इथे आहे. निरंजन प्रसाद आणि दळवी, दोघेही वरिष्ठांना सांगून थकलेत की थागलावर चढाई करायला ना माणसं आहेत, ना तोफा, ना कपडे. नवी कोअर उभारून तिच्यावर नेमलेले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल स्वतः नामका चूला येऊन गेले. १० ऑक्टोबरला ओढ्यापलीकडच्या त्सेंगजोंगला पंजाब पलटणीच्या तुकडीवर चिनी तुटून पडले तेव्हा ते तिथेच होते. मग ते दिल्लीला गेले, परत आले, आजारी पडले, पुन्हा दिल्लीला गेले आणि बिछान्यावरून हुकूम देऊ लागले. ओढ्याची जागा धरून ठेवायची, माघार नाही. प्रसाद विनंती करतात की ब्रिगेडला मागच्या उंचीवर येऊ द्या. परवानगी येत नाही. एकोणीस तारखेला दळवी टेलिफोनवर सांगतात की माझ्या माणसांची कत्तल होताना पाहण्यापेक्षा मी राजीनामा देईन.

इथे एक कोल्हापूरकर आठवायला हवा. पूर्व विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी या सरहद्दीवर किती सैन्य लागेल, ते कुठे उभं करावं, याचा कागद १९५९ मध्येच वर पाठवला होता. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसरावही घेऊन दाखवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो कागद मानला नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले.

वीस तारीख, पहाटे पाचनंतर. थागलावरून तोफा आणि उखळी तोफा एकदम सुरू होतात. रात्रीतच ओढा ओलांडून चिनी तुकड्या आपल्या मोर्च्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतून मागे येऊन बसल्या आहेत. टेलिफोनच्या तारा तुटतात, एक-एक ठाणं गप्प होतं. दुसऱ्या राजपूत पलटणीचे २८२ जण त्या सकाळी तिथे पडले. तुम्ही झिमिथांगला आहात, तिथे फक्त घुमणारा आवाज येतो. प्रसादांना ब्रिगेडचं काय चाललंय ते कळत नाही. एक हेलिकॉप्टर आहे. स्क्वॉड्रन लीडर विनोद सहगल ते उडवतात, सोबत सिग्नलचे मेजर राम सिंग. संपर्क जुळवण्यासाठी ते घळीकडे जातात. त्याचा टपटप आवाज कड्याआड विरतो.

ते परत येत नाही. वाट पाहणाऱ्यांमध्ये एकच माणूस असा आहे ज्याने कधी काळी परत न आलेल्या विमानांची वाट तळावर उभं राहून पाहिली आहे, आणि त्याला किती वेळानंतर आशा सोडायची ते बरोबर माहीत असणार. डबल मूरिंग्जच्या खोलीत त्याच्यासमोर पायदळाचा माणूस होता, धूर होता, टेलिफोन होता. इथे टेलिफोन मेला आहे आणि ते हेलिकॉप्टरही गेलं.

दळवी २२ तारखेला पकडले गेले. चौथ्या डिव्हिजनचं ठाणं झिमिथांग सोडून पायी तवांगला आलं, तवांगही पडलं. काही दिवसांतच प्रसादांना कमांडवरून काढलं आणि त्यांच्या जागी मेजर जनरल अनंतसिंग पठानिया आले. पुढे नोव्हेंबरमध्ये से ला आणि बोमडिलाही गेले, म्हणजे माणूस बदलून काही सुधारलं नाही.

धरमपेठेत परत या, पण नोव्हेंबरात. दिवाळी होऊन गेली. फटाके कमी वाजले. ओसऱ्यांवर सुया चालताहेत, मेंदी रंगाच्या लोकरीचे स्वेटर आणि हातमोजे. राष्ट्रीय संरक्षण निधीला कुणी पाटल्या दिल्या, कुणी एकदाणी. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्ध थांबवलं आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. मुंबईत त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले चंद्रपूरकडचे मारोतराव कन्नमवार, म्हणजे आपल्या विदर्भाचा माणूस, त्यामुळे इथल्या ओसरीवर त्या दु:खातही जरा अभिमानाची चर्चा आहे.

त्या हिवाळ्याची खूण आजही या भागात आहे. भंडाऱ्याचा आयुधनिर्माणी कारखाना १९६४ चा, अंबाझरीचा १९६६ चा, भद्रावतीचा १९७० चा. धरमपेठेतून अंबाझरी रस्त्याने पुढे गेलात की ज्या कारखान्याच्या भिंती लागतात तो पन्नास गोळ्यांच्या त्या पाउचला दिलेलं उत्तर आहे, असं मी तरी मानतो.

प्रसादांनी आपल्यावर अन्याय झाल्याची दाद राष्ट्रपतींकडे मागितली. त्यांना पुन्हा डिव्हिजन मिळाली, पंधरावी, अमृतसरला. प्रतापचंद्र लालांची गोष्टही दुखावणारी आहे. इंडियन एअरलाइन्सचा कारभार पाहताना त्यांचं कृष्ण मेननांशी बिनसलं आणि १९६२ मध्ये त्यांना नोकरीतून काढलं गेलं. मेनन गेल्यावर परत घेतलं. आराकान-इंफाळच्या व्हेंजन्स स्क्वॉड्रनचे दोन कमांडर, आणि देशावर हल्ला झाला त्या शरदात एकाच्या हाती बिनविमानांचं सैन्य, दुसरा घरी.

१९६५. भाद्रपद. धरमपेठेत महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या आहेत, गणपती अजून बसलेले आहेत, आणि मंडपातल्या आरतीनंतर लोक पांगत नाहीत, रेडिओपाशी थांबतात. या वेळी विमानं गेली आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. १ सप्टेंबरला जम्मूकडच्या छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले. लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांच्या खोलीत गेले आणि चव्हाणांनी काही मिनिटांत हो म्हटलं. कराडच्या या माणसाने जो शब्द दिला तो १९६२ मध्ये कुणी दिला नव्हता. संध्याकाळी पठाणकोटहून व्हँपायर आणि मिस्टियर उडाली.

तरी तुम्ही छांबला जाऊन पाहा. मावळतीचा उजेड, धूळ, दोन्हीकडे फ्रेंच-अमेरिकन बनावटीच्या रणगाड्यांची गिचमीड. आपल्या विमानांनी आपल्याच काही रणगाड्यांवर आणि ३ महारच्या दारूगोळ्याच्या गाड्यांवर मारा केला. चार व्हँपायर पडली. धाडस होतं, पण खालच्या पलटणीशी बोलणारं कुणी नव्हतं. धुराचा गोळा नव्हता, मेसमध्ये जेवणारा तो अधिकारी नव्हता. २२ वर्षांपूर्वी जे प्रसादांच्या स्क्वॉड्रनला रोजचं होतं ते सैन्य विसरून बसलं होतं.

६ सप्टेंबरची पहाट ग्रँड ट्रंक रोडवर. पंधरावी डिव्हिजन वाघ्यापलीकडे निघाली आहे. तुम्ही ३ जाटबरोबर आहात. लेफ्टनंट कर्नल डेस्मंड हेड यांची ही पलटण झपाट्याने पुढे जाते, दोग्राई घेते, इच्छोगिल कालवा ओलांडते. पलीकडे बाटापूरची बाटाची फॅक्टरी डोळ्यांसमोर, त्यामागे लाहोर. एवढ्यात रस्त्यावर सेबर विमानं येतात. पुन्हा पुन्हा वळून येतात. तुमच्या मागून येणाऱ्या गाड्या पेटतात, रणगाडाविरोधी तोफा वाहून आणणाऱ्या जीपा पेटतात. तुम्ही रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडून वर बघता. आकाशात फक्त त्यांची विमानं आहेत. आपली कुठे आहेत, असं शेजारचा जाट विचारतो. उत्तर असं की एवढ्या मोठ्या चढाईला विमानांची साथ कशी, कुठून, कुणी मागायची याची दोन्ही दलांनी मिळून नीट आखणीच केलेली नाही. लाल त्या वेळी हवाई दलाचे उपप्रमुख होते. पुढे आठवणींत त्यांनी हे स्पष्ट लिहिलं.

दुपारपर्यंत ३ जाटला माघारी बोलावलं गेलं. मिळवलेला पूल सोडला. तीच दोग्राई २१-२२ सप्टेंबरच्या रात्री त्याच पलटणीने पुन्हा घेतली, आणि त्याची किंमत हातघाईच्या लढाईत मोजली.

प्रसादांचं काय झालं ते डोळे उघडे ठेवून पाहा. ७ तारखेला ते थोड्या माणसांबरोबर जीपमधून पुढे गेले आणि कालव्याच्या बाजूला शत्रूच्या माऱ्यात सापडले. जीपा तिथेच टाकून ते कसेबसे परतले. जीपमध्ये त्यांची कागदपत्रं राहिली, आणि रेडिओ पाकिस्तानने त्यांतला मजकूर जगाला ऐकवला. त्या काळी विदर्भातही त्या केंद्राचा आवाज रात्री लागत असे; आपल्या सेनापतीचे कागद शत्रूच्या तोंडून ऐकण्याची लाज कशी असते ते कल्पून बघा. पश्चिम विभागाचे सेनापती हरबख्श सिंग यांनी त्यांना बाजूला केलं आणि मोहिंदर सिंग यांना डिव्हिजन दिली. हरबख्श सिंग यांनी नंतर लिहिलं ते फार कठोर आहे आणि त्यातलं बरंच मला पटतं. कालव्यावर पोचलेल्या पलटणीला टिकवून धरणं हे डिव्हिजन कमांडरचं काम होतं. विमानं नव्हती म्हणून ते काम रद्द होत नाही. हेड यांनी विमानं नसताना पुढे जाऊन दाखवलं होतं. पण दोन युद्धांत दोनदा पदावरून काढला गेलेला हा एक माणूस म्हणजेच त्या पराभवांचं कारण, असं म्हणून फाइल बंद करणं मला मान्य नाही. नामका चूच्या घळीत ब्रिगेड कुणी उतरवली, ती तिथे कुणी ठेवली, तिच्या डोक्यावर एकही विमान जाऊ नये हे कुणी ठरवलं? यांतलं एकही उत्तर झिमिथांगला मिळत नाही. ती सगळी दिल्लीची उत्तरं आहेत.

आता लालांकडे या. १६ जुलै १९६९ ला ते हवाई दलप्रमुख झाले. त्यांनी नव्या विमानांइतकंच लक्ष एका साध्या गोष्टीवर दिलं: भूसेनेच्या मुख्यालयाला लागून हवाई दलाचं मुख्यालय, प्रत्येक कोअरशेजारी हवाई दलाचं संपर्ककेंद्र, पूर्वेकडे तर कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्येच हवाई दलाची पुढची कचेरी. डबल मूरिंग्जची ती झोपडीवजा खोलीच त्यांनी सैन्याच्या पातळीवर पुन्हा बांधली.

ती कशी चालली हे पाहायला ५ डिसेंबर १९७१ ची सकाळ निवडा, राजस्थानातलं लोंगेवाला. रात्रभर एका कंपनीने पाकिस्तानी रणगाडे रोखून धरलेत. हंटर विमानं जैसलमेरला तयार आहेत, पण रात्री मारा करण्याची सोय त्यांच्याकडे नाही. उजाडतं. तुम्ही वाळूच्या धोऱ्यावर पालथे पडून आहात. आधी ऐकू येतो तो हंटरचा आवाज नाही. एक हलकं, सावकाश चालणारं प्रोपेलरचं विमान, कृषक, वाळवंटावर इतकं खाली घिरट्या घालतंय की रायफलीने पाडता येईल. त्यात भूसेनेचे मेजर आत्मासिंग आहेत. ते रेडिओवर हंटरच्या वैमानिकांना बोलताहेत: कुठला रणगाडा, कुठल्या टेकाडाआड, कुठल्या दिशेने या. हंटर त्यांच्या बोलण्यावर येतात, एक-एक रणगाडा हेरून मारतात. वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांनी सैरभैर गिरवलेली वर्तुळं उमटतात. चालक आकाशापासून पळायला बघताहेत आणि पळायला जागा नाही. दुपारपर्यंत चढाई संपलेली असते.

लालांचं आठवणींचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. निरंजन प्रसादांचं तवांगच्या पाडावावरचं पुस्तक त्याच्या पाच वर्षं आधीचं, १९८१ चं. दळवींचं त्याही आधी, १९६९ मध्ये येऊन गेलं होतं. हे तिघे लिहू शकले ते आपापल्या बाजूने. १९६२ च्या पराभवावर सरकारने लिहवून घेतलेला एक अहवाल आहे, हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा. चव्हाणांनी १९६३ च्या सप्टेंबरात त्यावर लोकसभेत निवेदन केलं. त्याचा काही भाग २०१४ मध्ये बाहेरून फुटला. पूर्ण अहवाल सरकारने आजवर खुला केलेला नाही. स्वेटर विणणाऱ्या आणि पाटल्या उतरवून देणाऱ्या त्या गल्लीतल्या लोकांना तो वाचण्याचा हक्क १९६३ मध्येच होता.